चष्मा कपाळावर

गावी, हिंगणीला बाबांच्या घरी येऊन मला दोन दिवस झाले होते आणि अपघाताला सहा. प्रयोगशाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरकडेही गेले नव्हते. गेले असते तर कसं झालं ते सांगावं लागलं असतं.

आमचं काम रेणू फोडायचं. लेझरचा झोत इतका थोडा वेळ टिकतो की ‘क्षण’ हा शब्दही त्याच्यापुढे अवाढव्य आहे. तेवढ्या वेळात रेणूतले अणू जागचे हलतही नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन तेवढे ओरबाडले जातात. मागे उरतात ते सगळे धन भाराचे, एकमेकांना नकोसे झालेले. मग ते उधळतात. कोणता तुकडा कुठे, किती वेगाने आदळला यावरून आम्ही रेणूचा मूळ आकार काढतो. वायू गारठवून हजारो अणूंचा पुंजका केला, तर स्फोट आणखी मोठा.

हा झोत नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. संरक्षक चष्मा लावला की कागदावर पडलेला त्याचा ठिपका पार नाहीसा होतो, म्हणून आरसे जुळवताना सगळेच चष्मा कपाळावर सरकवतात. ‘चष्मा काढू नये’ ही दारावरची पाटी माझ्याच अक्षरातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्या दिवशी मीच टेबलावर विसरलेल्या चकचकीत लोखंडी पान्यावरून झोत उलटला. डाव्या डोळ्यात टक् झालं. दुखलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. मी मोजमापं पुरी केली, डबा खाल्ला.

हिंगणीला आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाबांसाठी चहा ओतत होते. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत.

“काऊन सांडून राह्यली?”

चहा कपाबाहेर पडत होता. “हात हलला.”

“कालपासून तिसऱ्यांदा हलला.” त्यांनी किटली काढून घेतली. “डोयाले काय झालं?”

मग सांगितलं. बस किती वाजता आहे ते सांगावं, तसं.

“दुखते?”

“नाई.”

“डॉक्टरले दाखवलं?”

“चौकशी लागंल, बाबा. लॅब बंद होईल. पोरापोरींचे प्रयोग अडकतील. अन् दिसते मले.”

“दिसते? मंग उजवा डोया झाक. पाह्य माह्याकडं.”

मी झाकला. अंगण होतं, बाबांचे कान होते, सदऱ्याची कॉलर होती. मध्ये, चेहऱ्याच्या जागी, करडा डाग. हे निभावलं की विषय संपेल, एवढंच डोक्यात होतं.

“काय करून राह्यलो मी?”

ते गप्प होते. मी खोटं बोलले की ते असेच गप्प राहून गालात हसायचे.

“हसून राह्यले तुमी,” मी ठोकून दिलं.

मी हात काढला.

बाबा रडत होते.