इन्स्पेक्शनकाकांचा गुडघा

आमच्या चिखलोलीच्या सोसायटीत इन्स्पेक्शनकाकांच्या हातून कुठलीच वस्तू सुखासुखी पास झाली नाही. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंडाचे सुटे भाग तपासले. निवृत्त झाल्यावर तीच नजर भाजीवर, पाहुण्यांवर आणि माझ्या लग्नाच्या फोटोंवर वळली. "मुलगी उत्तम आहे. तू किंचित वाकडा उभा आहेस," म्हणाले.

त्यांचा गुडघा बदलून धातूचा बसवला, तेव्हा तोही तपासणीला आला. प्रत्येक नवा एक्स-रे ते खिडकीच्या काचेवर जुन्याशेजारी चिकटवत. "एकट्या फोटोत काय कळणार? बदल काय झाला ते बघायचं," असं मला समजावत. यात ते बरोबर होते, हे डॉक्टरही मान्य करत.

पण एका वर्षी नव्या फोटोत धातूच्या खाली बारीक काळी रेघ दिसली, आणि गुडघा दुखूही लागला. डॉक्टर म्हणाले, सांधा सैल झाला असेल तर पुन्हा ऑपरेशन. आधी सीटी स्कॅन करू. केसाएवढ्या फरकासाठी माल परत पाठवणारे काका म्हणाले, "एवढं चालतं."

मग त्यांनी सगळ्या तपासण्यांचीच तपासणी मांडली. एमआरआय नको, धातूमुळे चित्र बिघडतं. सोनोग्राफीत पाणी दिसेल, धातूमागचं हाड नाही. बोन स्कॅन तर ऑपरेशननंतर चांगला सांधाही बराच काळ बिघडल्यासारखा उजळ दाखवतो. आणि सीटीत रेडिएशन फार. प्रत्येक मुद्द्यात तथ्य होतं, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. काका लंगडत राहिले आणि काकू बाजारात एकट्या जात राहिल्या.

शेवटी काकूच म्हणाल्या, "यांना तपासणी नको असं नाही रे. रिझल्ट नकोय." आणि मला रिक्षा आणायला सांगितलं.

उल्हासनगरला सीटी झाला. सांधा सैलच निघाला. काकांनी स्कॅनमध्ये एकही खोट काढली नाही. डॉक्टरांना इतकंच विचारलं, "माझं काही बरंवाईट झालं तर ही एकटी कशी राहील?" मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. काकू म्हणाल्या, "आत्ता तरी कुठे सोबत असता? चालायला लागा, मग बोलू."

दुसऱ्या ऑपरेशननंतर काका बरीच वर्षं काकूंची पिशवी धरून बाजारात चालले. गेल्या वर्षी झोपेतच गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी बाजाराची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाल्या, "गुडघा मात्र चांगला होता रे शेवटपर्यंत."