तिसरी कढई

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात नव्याने लागलेली एक तरुण शिक्षिका सेट परीक्षा पास झाली, तेव्हा तिने पेढ्यांऐवजी पुण्याहून मागवलेली चॉकलेटं वाटली. काळपट, कडवट. वेष्टनावर एक छोटी खूण होती. ती म्हणाली, हे महाग असतं, पण कोकोच्या शेतकऱ्याला बाजारापेक्षा जास्त भाव दिलेला असतो.

"म्हणजे पैसे जास्त देऊन कडू खायचं," गणिताचे सर म्हणाले. "मग कारलंच आणायचं की, मॅडम. शेतकरी आपल्या ओळखीचा हाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण वेष्टन मी खिशात ठेवलं, कारण मला अक्का आठवली होती.

अक्का माझी थोरली बहीण. भूम तालुक्यातल्या ईट गावाजवळ दिलेली. दारात म्हशी, घरामागं पत्र्याखाली खव्याची भट्टी. सकाळी एक कढई, संध्याकाळी एक. दूध आटेपर्यंत उलथनं थांबवता येत नाही. थांबलं की खवा बुडाला लागतो. माहेरीही हे काम तिच्याकडेच होतं. तिथल्या भट्टीच्या उबेला बसून मी अभ्यास केला आणि घरातला पहिला पदवीधर झालो. तिची शाळा सातवीत सुटली. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

अलीकडे तिचा उजवा हात खांद्यातून वर होत नाही. भूमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ढवळणं कमी करा, नाहीतर हात कायमचा अडेल. पण गावातला व्यापारी खवा नेतो आणि भाव मागाहून सांगतो. एका कढईवर घर भागत नाही.

स्टाफरूममधल्या काही घरांसाठी मी तिच्याकडून दर पंधरवड्याला खवा आणत होतोच, व्यापाऱ्याच्याच भावानं. चॉकलेटानंतर मी सगळ्यांना जास्त दर सांगितला, आणि का, तेही सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. गणिताच्या सरांनी तर सगळ्यांत आधी पैसे काढले. त्या माणसांचा मी आभारी आहे.

अक्कानं नोटा बघितल्या. "एवढे कशाला रं? तुझे पैसे न्हाय घेणार म्या."

"माझे नाहीत. लोकांनी खुशीनं दिलेत. आता संध्याकाळची कढई बंद कर."

तिनं पैसे कमरेला खोचले. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या खेपेला डबा जड लागला. वाटून झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त खवा आला. "तुमच्या अक्कांचा काटा बिघडलाय, सर," गणिताचे सर म्हणाले. "दुरुस्त करू नका म्हणावं." मी फोनवर तिला काटा बघायला सांगितलं. ती "बरं बरं" म्हणाली. त्यापुढच्या खेपेला डबा आणखी जड.

मग एका सुट्टीच्या दिवशी न कळवता गेलो. भूमपर्यंत एसटी, पुढं जीप. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ही भट्टी विझलेली असायची वेळ. भट्टी पेटलेली होती. अक्का डाव्या हातानं उलथनं ओढत होती, उजवा हात पोटाशी धरलेला.

"अक्का, ही कुठली कढई?"

"तुझ्या स्टाफची."

"मी एक बंद कर म्हणालो होतो. तू तिसरी काढलीस?"

"लोक एवढे पैसे देतेत, मग म्या मोजून तेवढाच देऊ व्हय? आपली आई दुधाचं माप भरल्यावर वर धार सोडायची का न्हाय? तिथं तुझं नाव काय राहील?"

"ते पैसे खव्याचे नाहीत. तुझ्या खांद्याचे आहेत."

"खांद्याचे पैसे कोण देतं रं?" ती हसली. "सायेब झालास आन् येडा तो येडाच. धर जरा उलथनं, बुडाला लागंल."

मी धरलं. धुरानं डोळे चुरचुरायला लागले. ढवळता ढवळता मी तिला त्या चॉकलेटाची गोष्ट सांगितली, दूर देशातल्या कोकोवाल्यांची. तिनं नीट ऐकून घेतलं.

"आन् ती माणसं वर काय घालतेत?"

"काही नाही. जेवढ्यास तेवढं."

"मग फुकटच घेतेत की."

मी उलथनं ओढत राहिलो. एकदम खूप थकल्यासारखं झालं, आणि ते नुसतं प्रवासानं नव्हतं. परक्या माणसांना चहा संपेपर्यंत पटलेली गोष्ट सख्ख्या बहिणीला पटत नव्हती. आणि आईची ती वरची धार चुकीची होती, असंही मला म्हणवत नव्हतं.

"बरं," मी म्हणालो, "मग जुन्याच भावानं दे."

"देते की." तिनं लगेच मान हलवली. जणू डोक्यावरचं ओझंच उतरलं. "चिमूटभर वर घालीन मातर."

स्टाफरूममध्ये आता कमी पैसे द्या म्हणून समजावणं जास्त अवघड गेलं. "असं पहिल्यांदाच ऐकतोय," गणिताचे सर म्हणाले. "त्या चॉकलेटवाल्यांना कळवा एकदा." तास सुटल्यावर त्या तरुण शिक्षिकेनं हळूच विचारलं, "खांद्याचं काय मग, सर?" सकाळ-संध्याकाळच्या दोन कढया आहेत तशाच आहेत.

परवा पुन्हा गेलो, त्याच भर दुपारच्या वेळी. भट्टीत राख होती. भाचीनं डबा पुढं आणून ठेवला आणि म्हणाली, "आई झोपलीय मामा, उठवू का?"

मी तिला उठवू दिलं नाही. दारातूनच बघितलं. उजवा हात उशीवर ठेवून अक्का भिंतीकडं तोंड करून झोपली होती. डबा उचलला आणि जीप गाठायला निघालो. डबा हलका होता.