नॉर्मलरावाचं अर्धं तेज

लॅबमध्ये सगळे त्याला नॉर्मलराव म्हणत. नवी तपासणी लावायची म्हणजे रुग्णाच्या रक्ताशेजारी निरोगी माणसाचं रक्त हवंच. आणि बाही वर सरकवून हा टेक्निशियन सगळ्यांच्या आधी हजर. "आपलं रक्त म्हणजे बावनकशी सोनं!" ही त्याची फुशारकी. त्यावर डॉक्टर मॅडम म्हणत, "रक्ताचं ठीक आहे रे, डोक्याची हमी कोण देणार?"

त्या दिवशी एका तान्ह्या बाळाचं रक्त आलं होतं. पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याच्या जोरावर या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिथून जखमेकडे धावतात. नेमकं तेवढंच प्रथिन ओळखणारी, चमकत्या रंगाची अँटीबॉडी पहिल्यांदाच मागवली होती. नॉर्मलरावाने ती बाळाच्या नळीत घातली, स्वतःच्याही. मशीनमध्ये एकेक पेशी लेसरसमोरून गेली. जिला अँटीबॉडी चिकटली ती चमकणार, बाकीच्या अंधारात.

बाळाच्या पेशी अंधारातच राहिल्या. नॉर्मलरावाच्या चमकल्या, पण अर्ध्याच तेजाने.

"कुपीच भिकार निघाली," तो म्हणाला.

मॅडमनी स्वतःचं रक्त लावलं. झगझगीत! त्याचं पुन्हा लावलं. पुन्हा अर्धंच.

"अरे, असं अर्धं तर या बाळाच्या बापाचं यायला हवं," मॅडम हसल्या. "आईकडून एक बिघडलेलं जनुक, बापाकडून एक. दोघंही धडधाकट असतात, पण बाळाची नाळ गळत नाही, बेंबी चिघळते, पू मात्र होत नाही... काय रे, काय झालं?"

नॉर्मलरावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याचं पहिलं बाळ असंच गेलं होतं, बेंबी चिघळून. 'सुनेचे हात घाणेरडे,' असा निकाल त्याच्या आईने परस्पर देऊन टाकला होता. तेव्हापासून बायको हात धूत होती, सालं निघेपर्यंत.

तो घरी आला तेव्हाही ती नळाशीच होती. त्याने नळ बंद केला.

"अहो, साबण तरी जाऊ द्या!"

"तुझे हात स्वच्छ होते गं." मग त्याने अडखळत सगळं सांगितलं. "दोघांकडून आलं होतं ते. माझ्याकडूनही."

कुणा परक्याचे असावेत तसे ती आपले ओले हात बघत राहिली. आता हिचा बांध फुटणार, असं त्याला वाटलं. पण तिने हात कोरडे केले, आतल्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली,

"आई, जरा बाहेर या. तुमच्या लेकाला काही सांगायचंय."