वैशाखात पाहिलेलं घर

आमच्या भागात कधी यावं, असं कुणी विचारलं की सगळे एकच सांगतात: दिवाळीनंतर या. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, ओढ्यांना पाणी असतं, हुरडा भाजता येतो, रात्री घोंगडी लागते. खरं आहे ते. मार्गशीर्षात हिंगोलीच्या आसपासचं कुठलंही गाव चांगलंच दिसतं. चार दिवस खाऊन-पिऊन परत जायचं असेल तर तेव्हाच यावं. पण इथं कुणाला जन्म काढायचा असेल तर त्यानं वैशाखात यावं, तेही दुपारी. हे मी ऐकीव सांगत नाही. माझं स्वतःचं लग्न मी असंच ठरवायला लावलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. पोलीस अॅक्शनला अजून सात-आठ वर्षं होती. आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारापासून दीड कोसावर. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग चुलीपुढे बसले.

माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळ वडिलांनी मार्गशीर्षात पाहिलं होतं. माळावरचं गाव. विहिरीचं पाणी हाताला लागतं, दारात केळ आहे, असं सांगत आले आणि लग्न लावून दिलं. चैत्रात त्या विहिरीचा खडक उघडा पडला. बहीण रोज एक कोस चालून पाणी आणायची. दोन वर्षांनी माहेरी आली तेव्हा तिच्या टाळूवर केस राहिले नव्हते, घागरीनं घासून गेले होते. आईनं तेल लावलं. आत्या मात्र गप्प बसणारी नव्हती. ही वडिलांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच राहायची. ती म्हणाली, "अरे, तू हीर पाह्यली का केळ पाह्यली?"

वडील उठून गोठ्यात गेले.

पुढच्या हिवाळ्यात माझं निघालं. कयाधूच्या काठचं गाव, बागायत शेती, मुलगा एकटा. त्यांनी वडिलांना हुरड्याला बोलावलं. वडील खूश. म्हणाले, "जातो, पाहतो, अन् बोलून टाकतो."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "आबा, हुरडा खाऊन या. बोलू नका. वैशाखात पुन्हा जा."

"काहून?"

"ताईच्या येळेला हुरडाच खाऊन आल्ता तुमी."

आत्या हसली. "ऐकून राहिला का? चौथी शिकली तर बापाला महिना नेमून द्यायला लागली! काहून गं, तुला नवरा पाहायचा का हीर?"

"हीर पाहा. नवरा कुठं आटतो?"

आई घाबरली. "असं स्थळ सहा महिने थांबतंय व्हय? दुसरं कोणी घेऊन जाईल."

तिचं बरोबर होतं. एकुलता एक मुलगा आणि पाण्याखालची जमीन, अशा घरासाठी दारात माणसं बसलेली असतात. स्थळ गेलं असतं तर पुढचं कसं मिळालं असतं, देव जाणे. वडील रागानं अर्धी भाकरी टाकून उठले. पण हुरडा खाऊन आले ते शब्द न देताच. बहिणीची टाळू त्यांनीही पाहिली होती.

वैशाखात ते पुन्हा गेले. गाडीनं एक दिवस जायला, एक दिवस यायला. आले ते दारातूनच ओरडत, "पायरीपर्यंत पाणी! वैशाखात! खडा टाकून पाह्यला, असा बुडुककन आवाज आला."

मी विचारलं, "पेयाला कसं हाय?"

वडील बैल सोडायला वळले.

"आबा, कसं लागतं पाणी?"

"मी कसं पिईन? मी पोरीचा बाप हाय."

आमच्यात मुलीचा बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही, नातवंड होईपर्यंत. हे लग्नानंतरचं. पण वडील एवढे पक्के की बोलणी निघाल्या दिवसापासूनच त्यांनी पाण्याचा नेम धरला, हुरड्यालासुद्धा घरचा तांब्या नेला होता. मुलाकडच्यांनी गूळपाणी पुढे केलं, यांनी हात जोडले. ती माणसं म्हणे फार खूश झाली, असा नेमाचा सोयरा मिळतोय म्हणून.

आत्यानं कपाळावर हात मारला. "म्हंजी दोन दिस गाडी हाकली अन् पाण्याचं दर्शन घेऊन आला!"

मला दुसरंच सुचलं. म्हटलं, "हिरीवर बाया किती होत्या?"

वडिलांनी आठवून पाहिलं. "एकबी न्हाई."

वैशाखाची दुपार, पायरीपर्यंत पाणी आणि विहिरीवर एकही बाई नाही. गोडं पाणी असतं तर तिथं घागरीला घागर लागली असती. एवढं कळायला चौथीची शाळासुद्धा लागत नाही. पण पुरुष विहिरीत डोकावतात, काठावर कोण आहे ते बघत नाहीत.

आत्या म्हणाली, "मी जाते. मी काही पोरीचा बाप न्हाई."

गावात औंढ्याच्या महादेवाला जाते असं सांगून तिनं गाडी जुंपायला लावली. चौथ्या दिवशी परत आली ती दोन पितळी घागरी घेऊन. घागरींच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, एकीच्या गळ्यात सुतळी. पाणी प्यायली नाही, टेकली नाही, मला म्हणाली, "चुली पेटव दोन. तुरीची डाळ घे."

सुतळीच्या घागरीतलं पाणी एका पातेल्यात, दुसरीतलं दुसऱ्यात. डाळ दोन्हीकडे सारखी. आम्ही चौघं चुलींसमोर बसलो. उन्हाळा बाहेर आणि जाळ आत, वडिलांच्या अंगातून नुसती धार लागली होती, पण उठले नाहीत. एका पातेल्यातली डाळ वेळेवर फुटली. सुतळीवाली उकळून उकळून थकली, तरी दाणा दाताखाली कडक. ते विहिरीचं पाणी. मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि तहानही भागत नाही.

वडिलांचं तोंड उतरलं. "मंग मोडलंच म्हणा."

"काहून मोडलं? दुसरी डाळ दिसत न्हाई का?" आत्या म्हणाली. "हीर गुरांना अन् मळ्याला. प्यायचं पाणी झिऱ्याचं. सगळं गाव तेच पितं. लपवलं न्हाई त्यांनी. तूच इचारलं न्हाई."

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. तळाशी पाणी पाझरून गोळा होतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. ऊन वाढलं की खड्डा आणखी खोल करायचा. मी विचारलं, "घरापासून किती लांब?"

"पाऊणशे पावलं. मोजूनच आले."

मी एक भाकरी होईपर्यंत विचार केला. विहीर आटते, कारण तिला खडक लागतो. वाळू आणखी खणता येते. वाटीनं घागर भरायला वेळ लागेल, पण कोसभर चालण्यापेक्षा बसलेलं बरं. म्हटलं, "आबा, कळवा त्यांना."

आई म्हणाली, "पोरगी लाजत न्हाई जरा."

निरोप गेला. पण मुलगी पाहायची अजून राहिली होती. आम्हाला वाटलं, ते दिवस कळवतील, आपण अंगण सारवू. तर चार दिवसांनी भर दुपारी, न सांगता, मुलाची आई आणि त्यांच्यातले एक म्हातारे दारात उभे. मी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, कुरडया टाकत होते. हात चिकानं भरलेले, पदर खोचलेला, तोंड उन्हानं लाल. आई खालून खुणा करत होती, ये, ये.

मी वरूनच म्हटलं, "बसा. रांजणात पाणी हाय, तांब्या वर ठेवलाय, घेऊन प्या. चीक अर्धा राहिलाय, आंबून जाईल. टाकून येते."

मी चीक संपवला, मग उतरले, हात धुतले, नमस्कार केला. त्या बाईनं मला स्वयंपाक येतो का विचारलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही. ऊन उतरल्यावर दोघं निघून गेली.

"गेलं स्थळ," वडील म्हणाले.

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "ज्यांना आंबलेल्या कुरडया चालत्यात त्यांच्या घरी पोरगी देऊन काय करायचं?"

तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. मलाही त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. सहा महिने मीच थांबवले होते. मोडलं असतं तर दोष माझाच होता, आणि तो मी दुसऱ्यावर ढकलला नसता. नवव्या दिवशी त्यांचा होकार आला. ज्येष्ठात लग्न झालं.

पुढच्या वैशाखात मी आणि सासूबाई झिऱ्यावर बसलो होतो. खड्डा माझ्या कमरेएवढा खोल गेला होता, पण पाणी येत होतं. तोवर माझी भीड गेली होती. आम्ही सासूला मामी म्हणतो. विचारलं, "मामी, तुमी आमच्याकडं न सांगता काहून आल्ता? तेबी भर उन्हात?"

त्या वाटीनं घागर भरत राहिल्या. "तुजी आत्या महादेवाला चालले म्हणून आली, अन् दोन घागरी पाणी घेऊन माघारी फिरली. मला कळंना व्हय? मंग म्हटलं, आपुनबी वैशाखातच जावं. हिवाळ्यात समद्याच पोरी गोड बोलत्यात."

"मंग कशी दिसले?"

"तापट," त्या म्हणाल्या. "पण हातातलं टाकून उठली न्हाईस."

भरलेली घागर उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर दिली आणि दुसरी रिकामी घागर झिऱ्याजवळ ओढली.