साडेपाचचं पाणी

बाई काज-बटणाच्या कारखान्यात कामाला होत्या. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत शर्टांना काजं पाडायची, हे काम त्यांनी एकवीस वर्षं केलं. पण खालच्या गल्लीत त्यांना सगळे मीटरबाई म्हणत, आणि ते नाव आमच्या कामामुळे पडलं. त्यांच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. मला लिहायची सवय नाही, पण जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून मीच लिहितो.

मी तेव्हा अभ्यासगटाच्या कचेरीत कारकून होतो. पाण्याचे सर, एक डॉक्टरीणबाई आणि समाजशास्त्राच्या मॅडम अशा तिघांनी मिळून काम काढलं होतं. शहरात कुणाच्या वाट्याला कसलं पाणी येतं, त्यानं कोण आजारी पडतं, आणि नवी नळाची लाइन आधी कुठे जायला हवी, हे एकत्र शोधायचं. हेतू चांगला होता. आजही मला तसंच वाटतं.

प्रत्येक विहिरीसाठी तिथलंच एक माणूस नेमलं होतं. खालच्या गल्लीची विहीर उथळ, नाल्याला लागून. बाईंनी आपणहून नाव दिलं. गल्लीत लाइन यावी, एवढीच त्यांची इच्छा. पाण्यात काय किती विरघळलंय ते दाखवणारं, पेनासारखं मीटर आम्ही त्यांना दिलं होतं; आकडा मोठा तितकं पाणी वाईट. कपात पाणी घ्यायचं, मीटर बुडवायचं, आकडा लिहायचा. आठला कारखाना, त्याआधी स्वयंपाक, म्हणून त्या साडेपाचला विहिरीवर जात. गल्लीतल्या सगळ्या बायका तेव्हाच पाणी भरत.

घरात त्या आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, दोघीच. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मागेपुढे वारलेले. मी कोरे तक्ते द्यायला जायचो तेव्हा दोघींची जुगलबंदी ऐकायला मिळायची.

"पाण्याला ताप आलाय का बघतेस रोज?" थोरल्या म्हणायच्या.

"तुम्ही गप्प प्या, अक्का."

"शाळेत गणितात नापास झालीस, आणि आता विहिरीची परीक्षा घेतेस."

"नापास तुम्ही झालात. मी शाळाच सोडली."

"तेच ते. मी निदान परीक्षेला तरी बसले."

बाईंना चाळिशी लागली होती आणि पहाटे आकडा नीट दिसत नसे, म्हणून तो थोरल्याच मोठ्यांदा वाचून दाखवत. बाई लिहीत. हे नियमात नव्हतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.

आता तक्त्याचं सांगतो. सरांना अकरा रकाने हवे होते, डॉक्टरीणबाईंना नऊ, मॅडमना आठ. आडव्या कागदावर सोळाच बसत होते. तीन बैठका झाल्या. प्रत्येकानं थोडंथोडं सोडलं. शेवटी एक रकाना जास्त होत होता. मी भीत भीत म्हटलं, "वेळेचा काढला तर? सगळे सकाळीच तर घेतात." सर म्हणाले, "बरोबर आहे, काढा." मी काढला. तिघांचं जमलं म्हणून त्या दिवशी चहाही झाला.

दुसरा नियम जोडीचा होता. गल्लीतल्या माणसानं एक आकडा घ्यायचा, त्याच दिवशी कॉलेजच्या विद्यार्थिनीनं दुसरा. दोन्ही जवळपास जुळले तर धरायचे, नाहीतर दोन्ही सोडायचे. विद्यार्थिनी अकराच्या बसनं यायची.

बाईंचे आकडे जुळेनात. त्यांचे भलतेच मोठे, मुलीचे साधारण. सरांनी त्यांना तीनदा बोलावून पुन्हा शिकवलं. "मीटर धुऊन घेत चला, बाई." त्या धुऊन घेऊ लागल्या. नवा कप आणला. मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझ्याच हाताला काहीतरी आहे बघा. त्या पोरीला बरोबर येतं." मी म्हटलं, होतं असं सुरुवातीला. सुरुवात होऊन तेव्हा सात महिने झाले होते.

त्याच सुमाराला थोरल्यांचे पाय सुजू लागले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मूत्रपिंडं बिघडल्याचं सांगितलं. विहिरीचा तक्ता पाहिला, तर धरलेले सगळे आकडे चांगले. मग गुडघ्यांसाठी घेत असलेल्या गोळ्यांवर त्यांचा संशय गेला. गोळ्या बंद करा, पाणी भरपूर प्या, असं त्यांनी सांगितलं. समोर कागद होता, कागदाप्रमाणे त्या बोलल्या. थोरल्यांनी गोळ्या बंद केल्या आणि गुडघे धरून बसू लागल्या. पाणी मात्र बाई त्यांना आठवणीनं पाजत. तांब्या उशाशीच असे.

अहवाल छापून आला. खालच्या गल्लीची विहीर पिण्यायोग्य, लाइनच्या यादीत गल्ली शेवटची. पुढच्या वर्षी थोरल्या गेल्या.

मी भेटायला गेलो तर बाई म्हणाल्या, "भांडायला कुणी उरलं नाही हो." आणि मीटर माझ्या हातात दिलं. "ज्याला नीट येतं त्याला द्या."

त्यानंतर सहा महिन्यांनी कचेरी दुसरीकडे हलवायची ठरली. जुने तक्ते रद्दीत काढताना बाईंचा गठ्ठा हातात आला. प्रत्येक आकड्याशेजारी, रेघेच्या बाहेर, बारीक अक्षरात त्यांनी वेळ लिहिली होती. साडेपाच. साडेपाच. पावणेसहा. आकडे भरून घेताना मी ते रोज पाहिलं असणार. तक्त्यात वेळेला घर नव्हतं, म्हणून भरलं नाही.

मी खाली बसून सगळे तक्ते लावले. जुळलेले दिवस जवळजवळ सगळे शुक्रवार होते. वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारा कारखाना होता. गुरुवारी त्या भागात वीज नसे, म्हणून तो बंद असे. बाकीच्या दिवशी काम संपलं की तो घाण पाणी नाल्यात सोडायचा, ते झिरपून पहाटेपर्यंत विहिरीत यायचं. बायका भरून नेत, झऱ्याचं नवं पाणी येई, आणि अकराला विहीर पुन्हा बरी दिसायची. अकराला गल्लीत पाणी कुणीच भरत नव्हतं.

मी गठ्ठा सरांपुढे ठेवला. त्यांनी तो तासभर पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "हे तुम्ही कुणाला बोललात का?" मी नाही म्हटलं. "नाही, बोला," ते म्हणाले. "मी लपवायला सांगत नाही." आणि त्यांनी खरंच लपवलं नाही. अहवाल दुरुस्त झाला, विहिरीवर 'पिऊ नका' अशी फळी ठोकली, गल्ली यादीत वर आली. सर माणूस म्हणून चांगले होते.

बाईंना सांगायला मी गेलो. रकाना मी काढला, हेही सांगितलं. त्या शर्टाचा धागा दातानं तोडत होत्या.

"मला दिसत होतं हो, वेळेला घर नाही ते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, शिकलेली तीन माणसं बसून ठरवतात, त्यांना वेळ नको असेल. मी कोण विचारणार?" शर्ट बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि पाणी मीच पाजत होते."

मी म्हटलं, दुरुस्त अहवालाच्या पहिल्या पानावर काम करणाऱ्यांत तुमचं नाव येणार आहे. मॅडमनी तसा आग्रह धरला आहे.

"अक्कांचं घालता येईल?"

"त्या कामावर नव्हत्या ना, बाई."

"आकडा त्याच वाचायच्या. मला कुठे दिसत होता?"

मी परत येऊन सरांना विचारलं. ते म्हणाले, नेमणूक नव्हती, नियमात बसत नाही. मी वाद घातला नाही. मला तो कधीच जमला नाही. पान टाइप करून छापायला दिलं. त्यात बाईंचं नाव आहे, शेवटून दुसरं, त्याखाली माझं.

प्रत द्यायला गेलो तेव्हा बाईंनी ते पान माझ्याकडूनच वाचून घेतलं. दोनदा. मग प्रत मला परत दिली.