अक्कांच्या तोंडी माझा आवाज

धुळ्यात दरवर्षी आमच्या बोलीतल्या सिनेमांना बक्षिसं देतात. पत्रिकेवर दुपारी चार छापायचं आणि पाहुण्यांनी साडेपाचला उगवायचं. बक्षीस मिळालेल्याने सिनेमातलं एखादं वाक्य माइकवर म्हटल्याशिवाय खाली उतरायचं नाही, ही तिथली रीतच. मला ती चांगली ठाऊक होती, म्हणून तर स्वतःची जास्त चीड येते.

अक्का नशिराबादच्या, बाजारात भाजी विकायच्या. आमच्या दिग्दर्शकाने त्यांचा चेहरा पाहिला आणि आईचं काम त्यांनाच दिलं. सिनेमात लेक मरते आणि आई हेल काढून रडते, एवढाच काय तो मोठा प्रसंग. अक्कांची स्वतःची लेक बाळंतपणात गेलेली. कॅमेरा सुरू झाला तशी त्यांनी पाठ केलेली वाक्यं सोडली आणि तिचेच गुण आठवत रडल्या. वेणी घालताना कशी पळायची, कुठली भाजी ताटात तशीच टाकून द्यायची. लाइट धरणारी माणसंसुद्धा डोळे पुसत होती.

पण अक्कांची बोली पडली जळगावकडची आणि सिनेमातली आई धुळ्याची. दिग्दर्शक म्हणाला, ‘इकडले लोक हसतीन.’ मी देवपुरातली शिक्षिका, गावभरच्या कार्यक्रमांत निवेदन करणारी. आवाजाचा मला जरा तोराच आहे. त्याने अक्कांचे शब्द आमच्या बोलीत उतरवून आणले, मी ते पडद्यावरच्या अक्कांच्या ओठांबरोबर माइकवर म्हटले आणि दोन तासांत मोकळी झाले.

‘अक्काले कोण सांगी?’ मी निघताना विचारलं.

‘तूच सांग. तुना घर येस ना ती.’

हे खरं होतं. शूटिंगच्या दिवसांत अक्का माझ्याकडेच उतरायच्या. आज सांगू, उद्या सांगू करत सोहळ्याचा दिवस उजाडला. सकाळीच त्या भरताची वांगी घेऊन आल्या, माझ्याच गॅसवर भाजली आणि ठेचता ठेचता म्हणाल्या, ‘बक्षीस भेटलं तं माइकवर काय म्हनू? त्या रडन्यातलंच म्हनू का?’

मी सांगायला तोंड उघडलं आणि भरतात मीठ कमी आहे, असं म्हटलं.

संध्याकाळी पडद्यावर तो प्रसंग दाखवला. पुरा झालेला सिनेमा अक्कांनी आधी पाहिलेला नव्हता. अक्का माझ्या शेजारी होत्या. तोंड त्यांचं, आवाज माझा. मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. तेवढ्यात उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून त्यांचंच नाव पुकारलं. त्या गेल्या, ट्रॉफी घेतली आणि निवेदकाने रीतीप्रमाणे माइक पुढे केला. अक्का आपल्या आवाजात, आपल्या बोलीत रडण्यातलं पहिलं वाक्य बोलल्या.

‘पडदावरला आवाज तिना नही शे!’ मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह हसलं.

लोकांनी हसू नये म्हणून आवाज बदलला होता. लोक हसले ते त्यामुळेच. अक्का तशाच उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी फक्त उठून म्हणायचं होतं की शब्द यांचे, रडणं यांचं, मी नुसती पोपटपंची केली. स्टेज दहा पावलांवर होतं. मी खाली वाकून पिशवी आवरत बसले.

परतताना रिक्षात ट्रॉफी त्यांच्या मांडीवर होती. पांझरेच्या पुलावर त्यांनी विचारलं, ‘माह्या रडन्यावर कोनाचा आवाज घातला, तुले माहीत हाये का?’

‘नाही हो अक्का. असेल मुंबईची कोणी.’

इतकं सहज खोटं मी वर्गातल्या मुलांनाही बोलू देत नाही. अक्का कितीतरी रात्री माझ्या घरी राहिलेल्या. माझा आवाज त्यांना ओळखू आला नसेल, असं मी मनाला कितीही पटवलं तरी पटत नाही.

त्या म्हणाल्या, ‘भेटली तं विचारजो तिले, रडताना डोयापुढे कोन व्हतं.’

कोणीच नव्हतं. माझा शब्द अक्कांच्या ओठांच्या पुढे जायला नको, एवढंच मी बघत होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.