दिलीपची किटली

'माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही' हे वाक्य या सदरात इतक्यांनी लिहिलंय की ते पुन्हा लिहायला संकोच वाटतो. पण माझ्यापुरतं ते खरं आहे. मी नवापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. भुताखेतांची पुस्तकं कपाटात लावली, वाचली कधीच नाहीत. तरीही लिहितोय, कारण हे दिलीपबद्दल आहे. तो आता नाही, आणि त्याच्याबद्दल लिहायला मला कुठलंही निमित्त चालतं.

आम्ही चौघे मित्र. दिलीपचं कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान, यासीनचं वेल्डिंगचं, रमण सीमेकडच्या डोंगरात शेती करतो, आणि मी. रविवारी उकई धरणाच्या बॅकवॉटरला जायचं, होडी घ्यायची, गळ टाकून बसायचं. मासे रमणला लागायचे. आम्ही बाकीचे बोलायचो. चहा मात्र दिलीपचा. त्याला तो कुणाचा हात लागू देत नसे. चेपलेली ॲल्युमिनियमची किटली, तिच्या कडीला निळी नायलॉनची दोरी. किटली होडीबाहेर सोडायची, हातभर खोल जाऊ द्यायची, मग ओढून घ्यायची. "वरलं पानी नको मास्तर, खालनं थंडगार ऱ्हास," असं तो मला दर वेळी सांगायचा. धरणाचं पाणी गोड. प्यायला तेच, चहाला तेच. सोबत पाणी न्यायची आम्हाला सवयच नव्हती. आलं तो इतकं ठेचायचा की घसा जळायचा.

त्याची एकच हौस राहिली... खऱ्या दर्यात गळ टाकायची. दरवर्षी ठरायचं, दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. गेल्या उन्हाळ्यात तो दुकानातच बसल्या जागी गेला.

म्हणून या हिवाळ्यात आम्ही तिघे निघालो. निघताना वहिनींनी, म्हणजे दिलीपच्या बायकोने, किटली माझ्या हातात दिली.

"भाऊ, हाई दर्यामा सोडी द्या. मन्हाघाई देखावत नही. आनि फेकी देवाले हात धजत नही."

ती त्यांना का बघवत नाही ते कळत होतं; तो गेल्यापासून त्यांनी चहाच सोडलाय हे मला ठाऊक होतं. मी हो म्हटलं. पण किटली पिशवीत ठेवतानाच वाटत होतं, हे आपल्याच्याने होणार नाही.

वलसाडच्या खालच्या एका बंदरावरून बोट ठरवली होती. बोट चालवणारा तांडेल गुजराती, वयस्कर, कमी बोलणारा. पहाटे निघालो. किनारा दिसेनासा झाला, गढूळ पाणी आधी हिरवं आणि मग काळसर निळं झालं. आणि रमण... आयुष्यभर पाण्यात वावरलेला रमण बोटीच्या काठाला धरून ओकायला लागला.

"उकई का शेर!" यासीन त्याची पाठ चोळत म्हणाला. "दर्या में आके बिल्ली हो गया."

"गप रे! दिलीप असता तर चहा तरी दिला असता," रमण कण्हला.

"अद्रक लाने का काम तेरा था. लाया?"

"राहिलं घरी."

"देखो! एक काम दिया था."

"मी करतो चहा," मी म्हटलं. दिलीपचाच स्टोव्ह होता. डोक्यात तोच होता... तो आत्ता इथे असता तर पहिली शिवी कुणाला दिली असती, असं काहीबाही. हात आपोआप चालले होते. किटली बाहेर सोडली, हातभर खाली जाऊ दिली, ओढून घेतली. स्टोव्हवर ठेवली. साखर, चहा, दुधाची पावडर. कप भरले.

रमणने घाबरत घोट घेतला, मग दुसरा. तोंडावर रंग आला. यासीन कपात बघत राहिला. "मास्तर... ये तो उसके जैसा बना."

खरंच तसाच झाला होता. तिघेही प्यायलो. तांडेलानेही अर्धा कप संपवला. मग त्याची नजर बोटीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या जारकडे गेली. जारचं सील जसंच्या तसं होतं.

"चा कया पाणीथी बनावी?" त्याने विचारलं.

मी दोरीकडे पाहिलं. ती ओली होती, पाणी ठिबकत होतं.

मी रिकामा कप काठावरून बुडवला आणि तोंडाला लावला. कडूजहर खारट! थुंकून टाकलं. मग किटलीतला उरलेला चहा चाखला. गोड. मिठाचा लवलेश नाही. रमणने आणि यासीननेही दोन्ही चाखून पाहिलं. तांडेलाने कानाला हात लावला आणि सुकाणूवर जाऊन बसला.

"सोडायची का आता ही?" रमणने हळूच विचारलं.

"नहीं छोड़ने की," यासीन म्हणाला. "भाभी को जवाब मैं दूँगा."

उरलेला चहा मी थर्मासमध्ये ओतून घेतला. त्या दिवशी मासे बऱ्यापैकी लागले. तेही, अर्थात, रमणलाच.

दुसऱ्या दिवशी तिघेही वहिनींकडे गेलो. किटली बघून त्यांचा चेहरा उतरला. यासीनने काय ते सांगितलं, अडखळत. त्या ऐकत राहिल्या. विश्वास बसलेला दिसला नाही. मग म्हणाल्या, "लया तो चहा." मी थर्मासमधला चहा वाटीत ओतून दिला. गार झालेला, बेचव झाला असणार. त्यांनी एक घोट घेतला आणि पटकन म्हणाल्या,

"अरे, कितलं आलं टाकं! घसा बळी गया!"

...आणि थांबल्या. घसा जळाल्याचं हेच वाक्य त्या दिलीपला रोज म्हणत. बोटीवर आल्याचा तुकडाही नव्हता, ते रमणच्या घरी ओट्यावर होतं. तिघांनाही तो चहा पिताना 'त्याच्यासारखा' वाटला होता, पण कशामुळे, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

वहिनी बराच वेळ रडल्या. मग वाटी पूर्ण संपवली. किटली उचलून ओट्यावर, तिच्या जुन्या जागी ठेवली. कडीची दोरी तेवढी सोडवून मला दिली. "हाई तुमनाकडे ऱ्हाऊ द्या भाऊ."

किटलीत आधीपासून पाणी असेल का? मी स्वतः ती पिशवीतून काढली होती, उपडी. यासीनने बंदरावर भरली असेल? तो शपथेवर नाही म्हणतो, आणि चेष्टा कुठे थांबवायची ते त्याला कळतं. याहून पुढे माझी बुद्धी जात नाही.

दोरी माझ्या टेबलावर आहे. वाळल्यावर तिच्यावर पांढरे कण उभे राहिलेत. परवा एक जिभेवर ठेवून पाहिला... मीठच आहे.